कसूर उन्हाचा

पेडगाव
२२ मार्च १९९३

ती. आक्का,

दिनकरचा नमस्कार. येडबा मेंढरं घेऊन टेम्पोनं जिंतूरच्या बाजाराला चाललाय, त्याच्यासोबत गव्हाचं पोतं पाठवतोय. राशीतला पहिला गहू तुझा, हे बाबांच्या वक्तापासून चालत आलंय, ते मी मोडणार न्हाई. यंदा गहू बरा झाला. विहिरीला पाणी होतं, एकही पाळी चुकवली न्हाई. ओंब्या अशा पिवळ्याधमक, की रस्त्यानं जाणारा माणूस थांबून बघत होता.

आता डोकं गरम करणारी गोष्ट सांगतो. लक्ष्मीचे भाऊ-भावजया जेवायला आले होते. नवा गहू म्हणून मुद्दाम पोळ्यांचा बेत केला. तर पोळी फुगेना, कडा फाटलेल्या, रंग मातकट, आणि ताटात पडेपर्यंत पार चामडं. पाहुण्यांनी वरणात बुडवून कशीबशी गिळली. लक्ष्मीची मान वर होईना. मी उठलो तो थेट मुंजाजीच्या गिरणीवर गेलो. दळणाला बायांची रांग लागलेली. त्या रांगेसमोरच विचारलं, "मुंजाजी, गहू माझा, आणि हे पीठ कुणाचं?"

तो म्हणाला, "मालक, तुमचंच हाय."

मी म्हणालो, "माझ्या वावरात असलं पीठ निपजत न्हाई. दगड झिजलेत तुझे. पीठ जाळतोस, आणि वर कुणाचा तरी कोंडा मिसळतोस."

तो खाली मान घालून उभा राहिला. कसूर नसता तर मान खाली गेली असती का? त्या दिवसापासून आमच्या आळीचं दळण मी त्याच्याकडं जाऊ देत न्हाई.

तू स्वतः गिरणीवाली, म्हणून हे सांगितलं. दाजी गेल्यावर तू गिरणीत बसायला लागलीस तेव्हा मी नको म्हणालो होतो. पण तुझ्या पिठाला आजवर कुणी नाव ठेवलं न्हाई. गहू पोचल्याचं कळव.

तुझा,
दिनकर


चारठाणा
३१ मार्च १९९३

दिनकर,

पोतं पोचलं. येडबानं ओसरीवर उतरवून दिलं आन च्या पिऊन गेला. तुझं पत्र वाचून पैल्यांदा रडू आलं. मंग परत वाचलं तवा राग आला. तो अजून उतरला न्हाई, त्याच रागात लिवायलेय.

तू मुंजाजीला जे बोललास, तेच मला बोललेत. तेच शब्द. दगड झिजले, पीठ जाळलं, कोंडा मिसळला. तुमी गडीमाणसं हे कुठं एका शाळेत शिकून येता काय रे?

ऐक काय झालं ते. आमच्याकडले भुजंगराव तुला ठावूक हायेत, गावातले मोठे कास्तकार. त्यांच्या लेकीचा साखरपुडा होता, सेलूकडले पाहुणे. दळण माझ्याकडंच आलं होतं. पंगतीत पोळी फाटली. नवऱ्या मुलाच्या मामानं पोळी उचलून धरली आन म्हणाला, "ही खायची हाय का पायात घालायची?" सगळे हसले. भुजंगरावाची इज्जत गेली, मला मान्य हाय. मला बी त्या पोरीसाठी वाईट वाटलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी हा माणूस चार जण घेऊन माझ्या दारात. गिरणी चालू होती, पट्ट्याच्या आवाजात ऐकू येईना, तर त्यानं सोताच्या हातानं बटन बंद केलं. माझ्या गिरणीचं बटन! दिनकर, तुझे दाजी गेल्यापासून त्या बटनाला माझ्याशिवाय कुणी हात लावला न्हाई.

"बायनाबाई, चांगलं पीठ कुठं ठिवलंस?"

मी म्हणाले, "भुजंगराव, गहू तुमचा. तुमच्याच गड्यानं वतला, त्याच्याच डोळ्यासमोर डब्यात पडला."

"म्हणजे माझा गहू वाईट?"

मी म्हणाले, "हां. वाईटच हाय."

मंग काय विचारतोस. एक जण म्हणाला बाईच्या हातात गिरणी दिली की असंच व्हायचं. दुसरा म्हणाला विधवा बाई, पोट भरायला चार मुठी काढत असंल. चार मुठी! त्याच सांजेला देवळाच्या पायऱ्यांवर बसून ठरवलं यांनी. बायनाबाईनं गावासमोर माफी मागायची, आन तवर कुणी तिच्याकडं दळायचं न्हाई. आता लोक डबे घेऊन जिंतूरला जायलेत. माझी गिरणी बंद हाय.

खरं काय ते मी सांगते. गिरणीवालीच्या हातातून साऱ्या गावाचा गहू जातो. यंदा एकाचा बी दाणा भरलेला न्हाई. पुसात गोधडी काढायची पाळी आली का तुमच्याकडं? आमच्याकडं न्हाई आली. माघात तर चैताचं ऊन. ओंबी चिकात होती, दाण्यात दूध भरायचं होतं, तवाच झळा लागल्या. दाणा भरायच्या आधीच वाळला. वरून सोनं आन आत निस्तं सालपट. सालपट दळलं की कोंडाच पडणार. त्या कणकेला ताण कुठून येणार? गिरणी गहू दळती रे, गहू बनवत न्हाई. आन हे यंदाचंच बी न्हाई. गेली काही सालं पीठ हाताला खरखरीत लागायलंय, थंडी घटली तसं. यंदा पार कडेलोट झाला.

तुझ्या पोत्याचं तोंड सोडलं. "बरा झाला" लिवतोस? ओंजळीत घेतला तर जिऱ्यावानी दाणा. मला खोटं लिवलंस त्याचं काय न्हाई. पण त्या मुंजाजीला तू बायांच्या रांगेसमोर चोर केलंस. जा, आन त्याच रांगेसमोर शब्द माघारी घे. मंग माझी काळजी कर.

आक्का


पेडगाव
९ एप्रिल १९९३

ती. आक्का,

पत्र वाचून मन खट्टू झालं. तू एवढी तापशील असं वाटलं नव्हतं. गव्हाचा दाणा थोडा बारीक आहे हे मला मान्य आहे. पण शेतकऱ्यानं आपल्या तोंडानं आपला गहू वाईट म्हणायचा का? एकदा नाव गेलं की अडत्याच्या दारात कुणी उभं करत न्हाई. तू ज्या तोंडानं भुजंगरावाला "वाईटच हाय" म्हणालीस, त्याच तोंडानं थोडं गोड बोलली असतीस तर गोष्ट एवढी वाढली नसती.

माझं ऐक. तू एकटी बाईमाणूस. गावाशी वैर करून कुणाचं भलं झालंय? देवळासमोर दोन शब्द बोल, "चुकलं असेल तर पदरात घ्या" म्हण, आणि मोकळी हो. दोन शब्दांनी काय झिजतंय? ते बी गप होतील आणि गिरणी बी सुरू होईल. हे जमत नसेल तर गिरणी विक आणि इकडं ये. घर तुझंच आहे, लक्ष्मी तुला काही कमी पडू देणार न्हाई.

मुंजाजीचं म्हणशील तर ते मिटलं. मी जाऊन आलो. आता तो विषय पुन्हा काढू नको.

दिनकर


पेडगाव
२० एप्रिल १९९३

श्रीमती बायनाबाई यांना मुंजाजी गिरणीवाल्याचा रामराम.

तुमचं कार्ड आलं. आपली कधी भेट न्हाई, पण तुमी दिनकररावांच्या भगिनी आन आपल्याच धंद्यातल्या, म्हणून मोकळं लिवतो. तुमी विचारलंत की यंदा माझ्या गिरणीत पीठ कसं पडायलंय. तुमच्यावानीच पडायलंय. पैल्यांदा मला बी वाटलं दगडाचीच खोड. टाकीवाला पाथरवट बोलावून दगडाला टाकी लावून घेतली. फरक पडला न्हाई, म्हणून परत बोलावला. तो मला म्हणाला, मुंजाजी, दगड चांगले हायेत, गहू बघ. तवा कुठं मी गहू बघितला. इतकी सालं दळतोय, पण दाणा हातात घेऊन बघायचं सुचलं नव्हतं.

तुमी लिवलंत की दिनकरराव येऊन गेले ते बरं झालं. बाई, लहान तोंडी मोठा घास घेतो, राग नको. ते आले न्हाईत. वाटेत दिसले तर आंब्याच्या बाजूनं वळून जातात. मी त्यांना दोष देत न्हाई. त्या दिवशी मान खाली घातली ती कसूर होता म्हणून न्हाई. माझी म्हातारी आई रांगेत उभी होती, तिच्यासमोर उलट बोलून तमाशा वाढवायचा नव्हता. पण आई त्या दिवसापासून गिरणीकडं यायला तयार न्हाई. म्हणती, माझ्या लेकाला चोर म्हणलं ती जागा मला बघवत न्हाई.

तुमी माफी मागू नका एवढंच सांगतो. तुमी मागितली की उद्या हे सगळ्याच गिरणीवाल्यांना मागायला लावतील.

मुंजाजी


चारठाणा
२७ एप्रिल १९९३

दिनकर,

मुंजाजीचं पत्र आलं.

तू गेला नव्हतास. आंब्याच्या बाजूनं वळून जातोस म्हणे. आन मला लिवतोस मिटलं! मला गावासमोर दोन शब्द बोलायला सांगतोस, काय झिजतंय म्हणून विचारतोस. मंग तुझे दोन शब्द का अडले रे नरड्यात? जिचा गुन्हा न्हाई तिनं माफी मागावी, आन ज्याचा हाय त्यानं वाट बदलावी, असा काय न्याय हाय?

तुला ठावूक होतं दाणा वाळलाय. भुजंगरावाला बी ठावूक होतं. मळणी तुमीच केली, उफणताना निम्मा भुसा झाला ते तुमच्याच डोळ्यानं बघितलं. पण सूर्याची गचांडी धरता येत न्हाई. मंग गिरणीवाल्याची धरायची. गिरणीवाली बाई असली तर आनखी सोपं.

मी माफी मागणार न्हाई, गिरणी विकणार न्हाई, आन तुझ्या घरी यायची न्हाई. मुंजाजीच्या आईला गिरणीपातुर हाताला धरून तू आणलंस असं कळल्याबिगर मला पत्र लिवू नको.

बायनाबाई


पेडगाव
८ मे १९९३

आक्काबाईंना लक्ष्मीचं पाय लागणं.

तुमी त्यांना लिवू नको म्हणालात, म्हणून मी लिवायलेय. माझं अक्षर बिगारीतल्या पोरावानी हाय, सांभाळून घ्या.

तुमचं पत्र आलं तवा ते जेवायला बसले होते. वाचलं, आन पत्र माझ्या अंगावर टाकलं. म्हणाले, "बघ, माझी सख्खी बहीण मला खाली नाव घालून लिवती, आक्का म्हणून बी सही केली न्हाई." मी म्हणाले, "बरं केलं." आमच्या संसारात मी असं कधी बोलले नव्हते. ते ताटावरून उठले.

मंग मी त्यांना काय सांगितलं ते तुमाला सांगते. ज्या दिवशी मुंजाजीला बोलून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मला गिरणीत तोंड दाखवायची शरम वाटली. म्हणून माळ्यावरचं जातं खाली घेतलं, धुतलं, आन तोच गहू हातानं दळला. पोळी तशीच फाटली. तवाच मला कळलं की मुंजाजीचा काय बी गुन्हा न्हाई. पण ह्यांना सांगायचं धाडस झालं न्हाई. पोळी मी गपचिप गाईला घातली. म्हणजे ह्यांनी खोटं केलं ते केलं, पण मी बी तोंड दाबून बसले होते. तुमचं पत्र वाचलं आन मला माझीच चीड आली. सगळं बोलून टाकलं.

ते तडक वावरात गेले. मी मागून गेले. गव्हाच्या रिकाम्या रानात उभे होते. म्हणाले, "लक्ष्मे, माघात मी हितं उभा होतो. दुपारी वारा असा आला की डोळे मिटले. ओंबी चोळून बघितली, चीक आटला होता. मी तवाच समजलो. पण कुणाला सांगू? पाणी दिलं होतं, खत दिलं होतं, निंदलं होतं, सगळं केलं होतं. राग धरायला कुणीतरी पाहिजे होतं मला."

सोमवारी सकाळी ते मुंजाजीच्या घरी गेले, गिरणीवर न्हाई, आधी घरी. त्याची आई ओसरीवर तांदूळ निवडत होती. हे खाली बसले. म्हणाले, "मावशी, मी तुमच्या लेकाला चोर म्हणालो. गहू माझा वाईट होता." म्हातारी म्हणाली, "मला कशाला सांगतोस? जिथं म्हणलास तिथं म्हण." मंग दोघं चालत गिरणीवर आले. म्हातारीचा हात ह्यांच्या खांद्यावर. रांगेत मी बी होते, आळीतल्या बाया होत्या. ह्यांनी मोठ्यानं म्हणलं, "माझा गहू उन्हानं वाळला होता. मुंजाजीचे दगड चांगले हायेत." मुंजाजीनं पट्टा चढवला आन म्हणाला, "मालक, द्या तुमचं दळण." त्याचा राग गेलाय असं मला वाटत न्हाई. पण म्हातारी तिथं फळीवर बसून राहिली.

आता ते ओसरीवर बसलेत, मी काय लिवायलेय ते विचारत न्हाईत.

तुमची,
लक्ष्मी


चारठाणा
३० मे १९९३

लक्ष्मी, आन दिनकर तू बी वाच,

लक्ष्मी, तुझं अक्षर चांगलं हाय. तू जात्याचं लिवलंस आन माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच्यानंतर काय काय झालं ते सगळं सांगते.

माझं जातं परसात पडलं होतं, कोंबड्या बसायच्या त्याच्यावर. शेजारची सरजाबाई आन मी, दोघींनी ते लोटत लोटत देवळापुढं आणलं, ऐन बाजाराच्या दिवशी, सकाळीच. लोक विचारायले, "बायनाबाई, माफी मागायला आलीस का?" मी म्हणाले, "दळायला आलेय." तीन दगडाची चूल मांडली, तवा ठिवला. मंग मोठ्यानं म्हणाले, "ज्याला वाटतंय माझी गिरणी पीठ खाती, त्यानं आपला गहू आणावा आन आपल्या हातानं दळावा."

कुणी हालंना. बाया लांबून बघायल्या. भुजंगराव पायऱ्यांवर बसले होते, ते म्हणाले, "तमाशा नको, घरी जा." मला वाटलं सगळं फुकट गेलं.

तेवढ्यात त्यांच्याच वाड्याकडून कडूबाई आल्या. त्यांची बायको. डोक्यावर पदर, कमरेवर सूप, सुपात गहू. नवऱ्याकडं बघितलं बी न्हाई. जात्यापुढं बसल्या आन म्हणाल्या, "साखरपुड्याचाच गहू हाय हा. राहिलेला." आन दळायला लागल्या. मी खुट्याला दुसरा हात लावला. लक्ष्मी, एवढ्या मोठ्या घरची बाई, हाताला सवय न्हाई, पण थांबल्या न्हाईत.

पीठ चाळलं तर चाळणीत कोंड्याचा ढीग. कणीक त्यांनीच मळली, पोळी त्यांनीच लाटली. लाटतानाच कड फाटली. तव्यावर टाकली, फुगली न्हाई. कडूबाईंनी ती उचलून सगळ्यांना दाखवली.

मंग सरजाबाईनं तिच्या कणगीतला मागच्या सालचा गहू आणला, लिंबाच्या पाल्यात ठिवलेला. टपोरा दाणा. तो आमी माझ्या गिरणीत दळला. बटन मी चालू केलं. चार बाया संग आल्या, डोळ्यात तेल घालून बघत होत्या. त्याची पोळी केली. तव्यावर टाकली ती अशी टम्म फुगली की पोरं ओरडली.

कुणाला काय सांगायची गरजच राहिली न्हाई. बाया आपसात बोलायल्या. एक म्हणाली, "आमचं बी तसंच झालं, मी सुनेला बोलले." दुसरी म्हणाली, "मी तर पोरीच्या हातावर चिमटा मारला, पीठ नीट मळत न्हाईस म्हणून." बघ लक्ष्मी, घराघरात कुणाला ना कुणाला बोलून झालं होतं. सून, लेक, गिरणीवाली. ऊन मातुर डोक्यावर तसंच.

सगळे भुजंगरावाकडं बघायले. ते उठले, धोतर झटकलं आन म्हणाले, "मंग जात्याचा बी दगड खराब असंल." एक म्हातारा आधी हसला. मंग सगळा बाजार हसला. ते निघून गेले. माफी मागितली न्हाई. कडूबाई सूप झटकून घरी गेल्या, सरळ वाटेनं.

दुसऱ्या दिवसापासून बायांनी डबे आणले. गडीमाणसं अजून जिंतूरला जातात, बायकोच्या हुशारीनं आपण हरलो असं वाटत असंल. जाऊ दे.

माझा राग गेला असं समजू नको. त्या पायऱ्यांवर बसून ज्यांनी मला चोर ठरवलं, त्यातल्या एकानं बी चुकलं म्हणलं न्हाई. मी जितवर गिरणी चालवीन तितवर मला ते आठवत राहील.

दिनकर, तू म्हातारीला हाताला धरून आणलंस, ते वाचून बरं वाटलं. जास्त फुगू नको.

आक्का


पेडगाव
६ फेब्रुवारी १९९४

ती. आक्का,

संक्रांतीचा तिळगूळ पाठवायचा राहिला. विद्यापीठाचं नामांतर झालं आणि एस्ट्या बंद पडल्या, गावागावात तंग वातावरण. आता जरा निवळलंय.

यंदाही थंडी न्हाई, आक्का. गव्हात उभा राहून लिहितोय असं समज. ओंबी चिकात आहे आणि दुपारी वारा गरम सुटतोय. रोज सांजेला पाणी देतोय, रानाचा ताव तेवढा कमी व्हावा म्हणून. किती वाचेल ते सांगता येत न्हाई. यंदा मी आधीच गावात सांगून ठेवलंय, माझा गहू बारीक निघणार म्हणून. लोक बघतात माझ्याकडं. मुंजाजी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ओसरीवर येऊन बसला.

तुझ्याकडचं काय? भुजंगरावानं काही केलं तर सांग, मी येतो.

दिनकर


चारठाणा
२० फेब्रुवारी १९९४

दिनकर,

तुला यायची गरज पडली न्हाई. पण काय झालं ते ऐक.

गेल्या आठवड्यात दुपारी भुजंगराव माझ्या गिरणीपुढं आले. एकटेच. हातात हिरव्या-पिवळ्या ओंब्यांची पेंढी. दळणाला बाया होत्या, त्या बाजूला सरल्या. मला वाटलं परत काय काढतो हा माणूस. मी बटनाजवळ जाऊन उभी राहिले.

त्यांनी एक ओंबी तळहातावर चोळली आन माझ्यापुढं धरली. "बायनाबाई, बघा. यंदा बी तसंच व्हायलंय."

दाणा दाबून बघितला. चीक आटत चालला होता. तो माणूस भ्याला होता, दिनकर. माफी मागायला आला नव्हता, भ्याला म्हणून आला होता. क्षणभर मला दया आली. मंग चार मुठीची गोष्ट आठवली आन दया पळून गेली.

"मला कशाला दाखवता?" मी म्हणाले.

"मंग कुणाला दाखवू?"

मी म्हणाले, "गेल्या साली माझ्या दारात चार माणसं आणली होती ना? त्यांनाच बोलवा. हितं न्हाई, तुमच्या वावरात बोलवा. मी बी येते."

मला वाटलं नव्हतं तो बोलवील. पण सांजेच्या आत निरोप आला. मी पीठ झटकलं, गिरणीला कुलूप लावलं आन गेले. सरजाबाई आली, आनखी बाया आल्या. कडूबाई बांधावर उभ्या होत्या.

ती सगळी माणसं गव्हाच्या मधोमध उभी. जो म्हणाला होता विधवा पोट भरायला चार मुठी काढती, तो बी. ऊन उतरणीला लागलं होतं तरी अंगाला चटके बसत होते. वारा आला की ओंब्या कागदावानी वाजायच्या. एकेकानं ओंबी चोळली, दाणा दाबला, फेकून दिला. कुणी आभाळाकडं बघितलं, कुणी बांधाकडं. ज्याला धरून हलवावं असं तिथं कुणी नव्हतं. दगड नव्हता, पट्टा नव्हता, बाई होती पण तिच्या हातात पीठ नव्हतं.



मंग मीच म्हणाले, "बोला की आता. गप का?"

आक्का